थंडीत वाळू परत आली का? किनाऱ्याची धूप, सोप्या भाषेत

जुलै आला की व्हॉट्सॲपवर तोच व्हिडिओ फिरायला लागतो. कुठल्यातरी वाडीत लाटा माडांच्या बुंध्यापर्यंत आल्यात, एक माड हळूहळू आडवा होतोय, मागून कोणीतरी ओरडतंय, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात हेडिंग, "समुद्राचं आक्रमण". मग गणपती येतात, दिवाळी येते, ख्रिसमसला तारकर्लीच्या रूम हाऊसफुल्ल होतात आणि जुलैचं सगळे विसरून जातात. माझं म्हणणं जरा उलटं आहे. किनारा खरंच खचतोय का हे बघायचं असेल तर जुलैत जाऊन फार काही कळत नाही, डिसेंबर-जानेवारीत जा, सकाळी ओहोटीला, चपला हातात घेऊन.

आमचं आजोळ मालवण तालुक्यातलं, त्यामुळे तारकर्लीहून देवबागच्या टोकापर्यंत, म्हणजे कर्ली नदी समुद्राला मिळते तिथपर्यंत, चालत जायची लहानपणापासूनची सवय. देवबाग नकाशात बघा, वाळूची एक लांबट चिंचोळी पट्टी आहे, पश्चिमेला समुद्र, पूर्वेला खाडी, मधे घरं, माड आणि एक रस्ता. गेल्या डिसेंबरात गेलो तर एका जागी थांबावंच लागलं. समोर वाळूची सरळ उभी पायरी, गुडघ्याइतकी उंच, सुरीने खरवस कापावा तशी कापलेली. कापलेल्या बाजूला थर दिसत होते, पांढरी वाळू, मग बोटभर काळी, मग शिंपल्यांचा चुरा, परत पांढरी. वरून मर्यादवेलीची मुळं सुतळीसारखी हवेत लोंबत होती. नुसतं बोट लावलं तर भसकन वीतभर वाळू पायावर आली.

जवळच एक रापणीवाले काका, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं लावणारे, आपलं जाळं पसरत होते. त्यांना विचारलं, काका, हे कधी झालं? म्हणाले, "परवाच्या पुनवेक. पावसात दर्यो नेता आणि थंडयेत हाडून देता, ह्या आमका म्हायत आसा. पण थंडयेतच नेताहा, ह्या काय ता कळना नाय." म्हणजे, पावसात समुद्र वाळू नेतो आणि थंडीत आणून देतो हे आम्हाला माहीत आहे, पण थंडीतच नेतोय, हे काय ते कळत नाही.

काकांचं हे एक वाक्य सुटं करून सांगितलं की धुपीचा निम्मा विषय संपतो, तर तेच करूया.

आधी वाळूचं वेळापत्रक

किनाऱ्यावरची वाळू एका जागी कधीच नसते. पावसाळ्यात आपल्याकडच्या लाटा मोठ्या, उभ्या आणि एकामागून एक घाईने येणाऱ्या असतात. एक लाट परत जायच्या आत दुसरी अंगावर येते, वाळू पाण्याने पूर्ण भिजलेली असते, पाणी मुरायला जागाच नसते, त्यामुळे चढलेलं सगळं पाणी परतीला जोरात खाली धावतं आणि वाळू ओढून नेतं. हिवाळ्यात उलटं. लाट बुटकी, दोन लाटांमधे भरपूर वेळ, ती वाळू घेऊन वर चढते, वरची कोरडी वाळू पाणी पिऊन टाकते, परतीच्या पाण्यात जोर उरत नाही आणि आणलेली वाळू वरच राहते. अंगणात करून बघा, उन्हाळ्यात बादली ओतली तर पाणी जिथल्या तिथे मुरतं, भर पावसात ओतली तर मातीसकट वाहत जातं.

पावसाळ्यात गेलेली वाळू जाते कुठे? बहुतेक वेळा फार लांब जात नाही. किनाऱ्यापासून थोडं आत, पाण्याखाली, तिचा लांबच लांब बांध तयार होतो. भर पावसाळ्यात किनाऱ्यापासून बऱ्याच आत लाटा फुटून पांढरी रेघ दिसते ना, ती बऱ्याचदा या बांधावरच फुटत असते. म्हणजे समुद्र वाळू नेतो आणि तिचाच अडसर करून स्वतःची ताकद कमी करतो. मग नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत होत गेला की हीच वाळू चिमूट चिमूट करून वर यायला लागते, आणि मार्च-एप्रिलपर्यंत पाण्याच्या वर एक रुंद सपाट ओटा तयार होतो, ज्यावर पोरं क्रिकेट खेळतात.

तो ओटा म्हणजे किनाऱ्याची पावसाळ्याची बेगमी. आपण नाही का मे महिन्यात तांदूळ, सुकी मासळी, लाकडं भरून ठेवायचो, तसंच. जुलैत समुद्र ही बेगमी खातो, ते त्याचं हक्काचंच आहे. पण थंडीत बेगमी पुरती भरलीच नाही, तर पुढच्या जुलैत हात बियाण्याला लागतो, म्हणजे मागच्या वाळूच्या टेकाडाला, वेलीला, आणि शेवटी माडाच्या मुळांना. धूप म्हणायचं ते याला, गेलेली वाळू पुरती परत न येणं आणि हे वर्षानुवर्षं होत राहणं. त्यामुळे जुलैचा व्हिडिओ एकटा काहीच सिद्ध करत नाही, आणि जानेवारीतला अरुंद किनारा, ज्याचा व्हिडिओ कोणीच काढत नाही, तो बरंच काही सांगून जातो.

पण इंटरनेटवर तर हिवाळ्यातच वाळू जाते असं लिहिलंय

बरोबर लिहिलंय, फक्त ते आपल्याबद्दल नाहीये. कॅलिफोर्नियात वादळी लाटा हिवाळ्यात येतात, त्यामुळे तिथले किनारे हिवाळ्यात रोडावतात आणि उन्हाळ्यात भरतात. फ्रान्सिस शेपर्ड या भूशास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास तिथल्या किनाऱ्यांचं हे चक्र नीट मोजून मांडलं, आणि तेव्हापासून पुस्तकांमधे रोडावलेल्या किनाऱ्याला "हिवाळी किनारा" म्हणायची पद्धत पडली. आपल्याकडे हा हिवाळी किनारा जुलै-ऑगस्टात दिसतो. नाव तिकडचं, हंगाम इकडचा, म्हणून गोंधळ. शाळेत लंडनच्या हवेवरचे निबंध पाठ केल्यासारखं आहे हे.

चालताना बघायचं काय

पहिली गोष्ट ती पायरी. ती दिसली म्हणजे एवढंच कळतं की गेल्या काही दिवसांत कधीतरी लाटांनी ओट्याची कड खाल्ली. कड धारदार असेल तर ताजी, वारा आणि खेकड्यांनी गोलसर केली असेल तर जुनी. एकट्या पायरीवरून घाबरायचं कारण नाही. तिचा हिशोब मात्र एकदा करून बघा. दीड फूट उंच, वीस फूट रुंद पट्टा गेला आणि तो हजार फूट लांब आहे असं धरलं तर ३०,००० घनफूट, म्हणजे ३०० ब्रास वाळू झाली. तीन ब्रासचा डंपर धरला तर शंभर फेऱ्या. समुद्र एवढं काम एका उधाणात करतो आणि मनात आलं तर महिन्याभरात परतही करतो.

दुसरी गोष्ट काळी वाळू, माझी आवडती. लोकांना वाटतं बोटीचं तेल सांडलंय. तेल नसतं ते, त्यात इल्मेनाइट, मॅग्नेटाइट अशी लोखंड असलेली जड खनिजं असतात, रत्नागिरीच्या बाजूला तर त्यांचे मोठे साठेच आहेत. पांढऱ्या वाळूच्या कणापेक्षा हे कण पावणेदोन-दोन पट जड. लाट इथे सुपाचं काम करते, पाखडताना फोल उडून जातं आणि दाणे सुपात राहतात तसे हलके कण जातात आणि जड मागे राहतात. म्हणजे काळा पट्टा दिसला की समजायचं इथून नुकतीच बरीच पांढरी वाळू गेलीय. स्पीकरमधलं जुनं लोहचुंबक कागदात गुंडाळून त्यावरून फिरवा, काळी मिशी फुटते त्याला. पायरीच्या कापात दोन-तीन काळ्या रेघा दिसल्या तर तेवढ्या वेळा पाखडणी झालीय, जणू बँकेचं पासबुकच, फक्त तारखा नसलेलं.

तिसरी गोष्ट झाडं. मर्यादवेल, ती जांभळ्या फुलांची, दोन पाळ्यांच्या पानाची, हिचं नावच बघा किती हुशारीने ठेवलंय. ती साधारण भरतीच्या रेघेच्या वर पसरते, म्हणजे समुद्राची मर्यादा दाखवते. तिच्या जोडीला रावणाच्या मिशा, ते काटेरी गवत ज्याचे गोळे वाऱ्यावर घरंगळत जातात. हिवाळ्यात दुपारचा वारा सुकी वाळू उडवतो, ती या दोघांत अडकते आणि टेकाड वाढतं. वेलीचं टोक समुद्राकडे सरकत असेल, कोवळी पानं पुढे असतील, तर किनारा भरतोय. टोक तुटलंय, मुळं लोंबतायत, तर समुद्र खातोय. सुरूच्या झाडांची मुळं उघडी पडून झाडं बोटांवर उभी असल्यासारखी दिसली तर ते एका हंगामाचं काम नसतं, तिथून काही वर्षांची वाळू गेलेली असते.

आणि कासवं. वेळास, आंजर्ले, आणि खाली सिंधुदुर्गातही ऑलिव्ह रिडले कासविणी याच थंडीच्या महिन्यांत अंडी घालायला येतात. त्यांना भरतीचं पाणी पोचणार नाही अशी कोरडी वाळू लागते. उंच पायरी लागली तर कासवीण तिथूनच मागे फिरते किंवा खालीच खड्डा करते, आणि मग ती अंडी उधाणात भिजायचा धोका.

मग थंडीत पायरी पडलीच कशी?

दोन गोष्टी एकत्र आल्या की पडते. एक, उधाण, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची मोठी भरती, जेव्हा पाणी नेहमीपेक्षा वर पोचतं. दोन, लांबून आलेल्या लाटा. लाट तयार होते एका ठिकाणी आणि फुटते हजार-दोन हजार किलोमीटरवर. इथे निरभ्र आकाश असतं, वारा नसतो, आणि तरी समुद्र आदळत असतो, कारण ती लाट कुठल्यातरी लांबच्या वादळाची आहे. हिवाळ्यात इराणच्या आखाताकडे शमाल नावाचे वारे सुटतात, त्यांच्या लाटा वायव्येकडून आपल्या किनाऱ्यापर्यंत येतात, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेतल्या लोकांनी याच्या नोंदी केल्यात.

आणि चक्रीवादळं आहेतच. डिसेंबर २०१७ मधलं ओखी आठवतंय? ३ तारखेला पौर्णिमा, त्याच दोन-तीन दिवसांत ओखी अरबी समुद्रातून वर सरकत होतं, आणि कोकणात ऐन थंडीत पाणी वर चढलं, मुंबईच्या किनाऱ्यांवर समुद्राने आपलाच कचरा आपल्याला परत आणून टाकला. ऑक्टोबर २०१९ मधलं क्यार तर किनाऱ्याला लागलंही नाही, भर समुद्रातूनच गेलं, तरी सिंधुदुर्गात ऐन दिवाळीत समुद्र खवळला.

म्हणजे बेगमी भरायच्या महिन्यांतच भरणाऱ्याचा हात कोणीतरी हलवतं. एखाद्या वर्षी झालं तर काही नाही, अजून मार्च-एप्रिल असतात हातात. पण पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्राच्या संस्थेतल्या अभ्यासकांनी जुन्या नोंदी तपासल्या तेव्हा १९८२ ते २००० च्या मानाने २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या सुमारे ५२ टक्क्यांनी वाढलेली दिसली. काकांचं "कळना नाय" इथे येऊन थांबतं.

"म्हणजे सगळं ग्लोबल वॉर्मिंगमुळेच ना?"

हे म्हटलं की सगळ्यांचीच सुटका होते, म्हणून ते जरा जपून म्हणायला हवं. समुद्राची पातळी वाढतेय हे खरं आहे, १९०१ ते २०१८ मधे जगाची सरासरी सुमारे २० सेंटीमीटर वाढ, आणि त्यातल्या २००६ ते २०१८ मधला वेग वर्षाला साधारण ३.७ मिलिमीटर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण किनारा उतरता असतो. उतरत्या परातीत अर्धा इंच पाणी जास्त घातलं तर पाण्याची कड आडवी कितीतरी पुढे सरकते, तसंच.

पण वाळूच्या वहीत जमेची बाजू पण असते ना. किनाऱ्याला वाळू येते बऱ्याच अंशी नद्यांतून, आणि कोकणातल्या नद्या आखूड, सह्याद्रीतून निघाल्या की लगेच समुद्रात. त्यांच्यावर धरणं झाली की जाड वाळू धरणातच बसते. त्यातून जी सुटते ती खाडीत येते आणि तिथे ड्रेजर नाहीतर सक्शन पंप उभे. पूर्वी हातपाटीने, डुबी मारून वाळू काढायचे, माणूस बुडी मारून घमेलं भरून वर आणायचा, दिवसाला निघून निघून किती निघणार. पंपाला दम लागत नाही. मघाशी ३०० ब्रासचा हिशोब केला, त्यात समुद्राने नेलेली परत यायची शक्यता असते, कोणाच्या स्लॅबमधे गेलेली येत नाही.

शिवाय वाळू किनाऱ्याला समांतरही चालत असते. लाटा तिरप्या येतात, वाळूचा कण तिरपा चढतो, सरळ खाली येतो, असं नागमोडी करत तो पुढच्या गावाला पोचतो. याच्या मधे काही आडवं घातलं, जेट्टी किंवा बंदराची भिंत, तर एका बाजूला वाळू साचते आणि दुसऱ्या बाजूला उपास घडतो. चेन्नईचा मरीना बीच एवढा रुंद आहे तो १८७० च्या दशकात सुरू झालेल्या बंदराच्या बांधकामामुळे, वाळू दक्षिणेकडून येते, बंदराला अडते. आणि बंदराच्या उत्तरेला रोयापुरमच्या बाजूला तेव्हापासून समुद्र खातोय. मरीनावर भेळ खाताना हे कोणाच्या डोक्यात येत नाही.

आणि एक तक्रार माझी. आमच्या ओळखीच्या एका बीचवर एका रिसॉर्टवाल्याने "सी व्ह्यू" साठी जेसीबी लावून पुढचं टेकाड सपाट केलं, वेल उपटली आणि लॉन लावलं. वाळूची टेकाडं सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामांवर बंधनं घालणाऱ्या, नियमांत सगळ्यात कडक संरक्षणाच्या वर्गात आहेत, पण तिथे विचारतो कोण. दोनच पावसाळ्यांत लॉनमधे पाणी. मग हाच मालक बंधारा मागायला पुढे.

"बंधारा घाला, विषय संपला"

धूपप्रतिबंधक बंधारा हा कोकणातला कायमचा हट्ट, आणि तो मागणाऱ्याला नावं ठेवणं मला जमणार नाही. ज्याच्या पडवीत पाणी आलंय त्याला वाळूचं चक्र काय सांगणार, त्याला आज रात्री झोपायचंय. घर वाचवायला काही ठिकाणी दगडच लागतात, देवबागला लागले, रत्नागिरीच्या मिऱ्याला तर पिढ्या गेल्या बंधारा घालण्यात आणि वाहून जाण्यात.

फक्त बंधारा घर वाचवतो, किनारा वाचवत नाही, हे आधी माहीत असावं. भिंतीवर जोरात पाणी मारा, भिंतीच्या पायाशीच खड्डा पडतो. लाटेचंही तेच, उतरत्या वाळूवर तिची ताकद पसरून जिरते, दगडावर आपटली की उलटी फिरून पायथ्याची वाळू उकरते. काही वर्षांत पुढची पुळण, म्हणजे वाळूचा पट्टा, जाते, थेट दगडाला पाणी लागतं. रापण ओढायला जागा नाही, होडी ओढून ठेवायला जागा नाही, कासवाला तर नाहीच. आणि बंधारा जिथे संपतो तिथल्या शेजाऱ्याच्या वाडीत लाट वळून घुसते, मग तो पण अर्ज करतो, की अजून पन्नास मीटर वाढवा.

दुसरे मार्ग आहेत. पुदुच्चेरीला बंदर झाल्यापासून शहरासमोरचा बीच जवळपास नाहीसा झाला होता, काळे दगडच उरले होते. तिथे २०१८ च्या सुमारास पाण्याखाली लाटा अडवणारा कृत्रिम अडसर घातला, वाळू आणून टाकली, आणि बीच बऱ्यापैकी परत आला. पण ते महाग काम, आणि बाहेरून टाकलेली वाळू पुन्हा पुन्हा टाकावी लागते. सगळ्यात स्वस्त म्हणाल तर वेल आणि टेकाड जिथे अजून आहे तिथे हात लावू नका, एवढंच. त्याचं टेंडर निघत नाही हा त्याचा दोष.

"पण किनारा तर वाढलाय, बातमी होती की!"

होती. भारताचा किनारा ७,५१६ किलोमीटर होता तो ११,०९८ झाला, महाराष्ट्राचा ८७७ च्या वर गेला. त्यात जमीन इंचभरही वाढलेली नाही, मोजायची पट्टी बारीक झाली. चकली फूटपट्टीने मोजा, तीन इंच. तीच दोरा वळवून मोजा, दीड फूट. खाड्या, वळणं, कोपरे नव्या मोजणीत आले, एवढाच फरक.

धुपीचा आकडा वेगळा. १९९० ते २०१८ मधले उपग्रहाचे फोटो बघून चेन्नईच्या राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने सांगितलं की देशाचा सुमारे ३४ टक्के किनारा धुपतोय, २७ टक्के भरतोय, बाकी स्थिर. महाराष्ट्रात धुपणारा साधारण पाव, आणि बराचसा स्थिर, कारण आपल्याकडे कातळ भरपूर. पण कातळावर कोण राहतं? घरं, माड, होड्या, सगळं त्या मधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्यांवर, त्यामुळे सरासरी वाचून आपण निर्धास्त व्हायचं कारण नाही.

दोन काठ्या आणि क्षितिज

उपग्रहाला वर्षाचा कल दिसतो, आपल्या वाडीसमोरची पायरी आपल्यालाच मोजावी लागते, आणि ते फार सोपं आहे. के. ओ. एमरी नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६१ मधे ही युक्ती लिहिली, सारख्या उंचीच्या दोन काठ्या, पाच-पाच फुटाच्या, दर इंचाला खूण केलेल्या, आणि मधे पाच फूट दोरी. एक जण समुद्राकडे काठी उभी धरतो, दुसरा जमिनीकडे. मागचा माणूस पुढच्या काठीचं टोक आणि समुद्राचं क्षितिज एका रेषेत आणतो आणि ती रेषा स्वतःच्या काठीवर टोकापासून किती इंच खाली येते ते वाचतो, तेवढा उतार. मग दोघं पाच फूट पुढे. पाण्यापर्यंत गेलं की वहीत किनाऱ्याचा अख्खा आकार उतरतो, जीपीएस नको, ड्रोन नको. अट एकच, सुरुवातीची खूण हलणारी नसावी, घराचा कोपरा, विहीर किंवा जांभ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, आणि दरवर्षी त्याच महिन्यात, तशाच ओहोटीला मोजायचं, नाहीतर डिसेंबरची तुलना जुलैशी करून आपणच आपल्याला घाबरवायचं.

आमच्या मावसभावाने आणि मी पहिलं माप त्याच सकाळी घेतलं, काठ्या नव्हत्या म्हणून रापणीच्या दोन बांबूंवर कोळशाने खुणा केल्या. गडग्याच्या कोपऱ्यापासून पायरीच्या कडेपर्यंत सतरा पावलं भरली. काका म्हणाले त्यांच्या लग्नाच्या वर्षी तिथे दोन होड्या एकामागे एक आडव्या राहायच्या आणि वर माणसांना जायला वाट असायची, म्हणजे नक्की किती पावलं ते त्यांनाही सांगता येईना. पुढचं माप एप्रिलात, ओटा भरलेला असताना, आणि बांबू आता मावसभावाच्या पडवीत आढ्याला टांगून ठेवलेत.